प्रताधिकार कायद्यातील सुधारणा आणि सवलती : धर्मग्रामांसाठी एक ओळख

नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतील गायनवृंदांच्या तालमी सुरू होतात. जुन्या वह्यांतून गीते उतरवून घेतली जातात, झेरॉक्सच्या दुकानातून प्रतींचे गठ्ठे येतात, कोणी मोबाइलवर चाल ऐकवतो आणि बाकीचे ती उचलतात. या धांदलीत ‘हे गीत कोणाचे?’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुढे लग्नसराई येते. गाणी वाजवण्याच्या परवान्याचे शुल्क भरले आहे काय, अशी विचारणा सभागृहाच्या व्यवस्थापकाकडून होते आणि घरातील वडीलधारे गोंधळून जातात. पहिल्या प्रसंगी आपल्याला कायद्याची आठवणही होत नाही. दुसऱ्या प्रसंगी त्याचे भय वाटते.

हा कायदा म्हणजे ‘कॉपीराइट’चा, अर्थात प्रताधिकाराचा कायदा. तो काय राखून ठेवतो, काय मोकळे सोडतो आणि शासनाने त्यात कोणत्या सुधारणा केल्या, याची ओळख वाचकांना करून द्यावी असा आमचा हेतू आहे. या कायद्यातील सवलतींकडे अनेकजण पळवाटा म्हणून पाहतात. आम्हांस तसे वाटत नाही. कलावंताला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळावा आणि समाजाला विद्या, प्रार्थना व आनंद यांना मुकावे लागू नये, या दोन्ही गोष्टी कायद्याला एकाच वेळी साधावयाच्या आहेत. म्हणून हक्क जितका कायद्याचा भाग आहे, तितकीच सवलतही आहे.

हक्क कशावर आणि किती काळ?

आपल्या देशात प्रताधिकाराचा पहिला कायदा कंपनी सरकारच्या काळात १८४७ साली झाला. १९१४ साली ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर दुसरा कायदा आला. स्वतंत्र भारताचा स्वतःचा प्रताधिकार अधिनियम १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. आजही तोच कायदा लागू आहे. मात्र त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत.

प्रताधिकार मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. गीत लिहिले, चाल बांधली, चित्र काढले की हक्क आपोआप निर्माण होतो. हा हक्क कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. गोठ्यातील बाळाविषयी गीत कोणीही लिहू शकतो. एखाद्या कवीने ज्या शब्दांत ते लिहिले ते शब्द मात्र त्या कवीचे.

लेखक, कवी व संगीतकार यांच्या कृतींवरील हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले; त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या निमित्ताने १९९२ साली मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. मृत्यूच्या पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून ही ६० वर्षे मोजतात. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले. त्यांची काव्यरचना तर कधीच सार्वजनिक ठेव झाली आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. एकाच गीतावर हक्कांचे अनेक थर असू शकतात. ‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताचे शब्द जोसेफ मोर या ऑस्ट्रियन धर्मगुरूंनी १८१६ साली लिहिले आणि फ्रान्झ ग्रुबर यांनी १८१८ साली त्यास चाल दिली. मूळ शब्द व चाल दोन्ही आज मुक्त आहेत. परंतु त्याचा अलीकडे कोणी मराठीत अनुवाद केला असेल तर तो अनुवाद त्या अनुवादकाचा, वाद्यवृंदासाठी नवी स्वररचना केली असेल तर ती त्या संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रिका निघाली असेल तर ते मुद्रण निर्मात्याचे. पवित्र शास्त्राचेही तसेच आहे. मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवर कोणाचा प्रताधिकार नाही, पण आधुनिक भाषांतर ही नवी साहित्यकृती ठरते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. ते २०२४ साली प्रभूघरी गेले. कायद्याच्या हिशेबाने त्या ग्रंथावरील हक्क २०८४ अखेरपर्यंत राहील. खुद्द व्हॅटिकननेही २००५ साली परमगुरूंच्या लेखनावरील हक्कांची जपणूक आपल्या अधिकृत प्रकाशनगृहाकडे सोपवली. धार्मिक मजकूर म्हणून तो आपोआप सर्वांचा, ही आपल्यातील समजूत बरोबर नाही.

२०१२ ची सुधारणा कशासाठी?

आजच्या कायद्याचे स्वरूप समजण्यासाठी २०१२ ची सुधारणा जाणून घेणे आवश्यक आहे. तिच्यामागे गीतकार, संगीतकार व गायक यांची जुनी व्यथा होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर यांनी गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. त्यावरून महंमद रफी यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि काही काळ दोघांनी एकत्र गाणेही थांबवले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर चित्रपटगीतांच्या हक्काचा प्रश्न आला. वेगळा करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा कौल न्यायालयाने दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालास जोडलेल्या टिपणात गायकाला तर कायद्यात काहीच हक्क नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले होते.

गायक-वादकांचे काही हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य झाले. पण गीतकार व संगीतकार एकरकमी रक्कम घेऊन सर्व हक्क लिहून देत राहिले. गाणे घराघरांत वाजे, आणि ते रचणारा म्हातारपणी हलाखीत दिवस काढी, अशी उदाहरणे घडत राहिली. २०१० साली राज्यसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. ते संसदीय स्थायी समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली आणि मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य व गीतकार जावेद अख्तर यांनी कलावंतांच्या बाजूने तेथे केलेले भाषण अनेकांच्या स्मरणात असेल. २१ जून २०१२ पासून ही सुधारणा अमलात आली.

तिचा गाभा थोडक्यात असा. चित्रपटातील गीताचा वापर चित्रपटगृहाबाहेर, म्हणजे आकाशवाणी, दूरचित्रवाणी, इंटरनेट आदींवर झाल्यास गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळालाच पाहिजे. हा हक्क करारानेही सोडून देता येत नाही. तो कायदेशीर वारसांना किंवा हक्कवसुलीच्या नोंदणीकृत संस्थेलाच देता येतो. चित्रपटाबाहेरील ध्वनिमुद्रणांनाही हाच नियम लागू आहे. म्हणजे २०१२ नंतर भक्तिगीतांचा अल्बम काढणाऱ्याने कवीच्या हातावर पाकीट ठेवले म्हणून कवीचा पुढचा वाटा संपत नाही.

अंध बांधवांसाठी उघडलेले दार

ज्या दुरुस्तीने कलावंताचा हक्क बळकट केला, तिनेच दुसरीकडे एक मोठी सवलत दिली. आम्हांस या सुधारणेतील ही बाब सर्वांत मोलाची वाटते.

पुस्तक विकत घेण्याची ऐपत असूनही अंध व्यक्ती ते वाचू शकत नाही. ते ब्रेलमध्ये उतरवावे, ध्वनिमुद्रित करावे किंवा संगणकाने वाचून दाखवावे अशा स्वरूपात आणावे, तर ती नवी प्रत ठरे आणि प्रकाशकाची परवानगी लागे. २०१० च्या मूळ विधेयकात सवलत होती, पण ती प्रामुख्याने ब्रेलसारख्या, केवळ अपंगांसाठीच घडवलेल्या खास स्वरूपांपुरती. आज ब्रेल न जाणणारे, संगणकाच्या वा ध्वनीच्या आधारे वाचणारे दृष्टिहीन पुष्कळ आहेत. अपंगांच्या संघटनांनी ही त्रुटी नेटाने मांडली. अखेर संमत झालेल्या कायद्यात ‘कोणत्याही सुगम स्वरूपात’ अशी व्यापक तरतूद आली.

त्यानुसार कोणीही व्यक्ती अपंग बांधवासाठी, त्याच्या वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी वा संशोधनासाठी, कोणतीही कृती त्याला वाचता वा ऐकता येईल अशा रूपात आणू शकते. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनाही ती मुभा आहे. मात्र त्यांनी नफा घेऊ नये, केवळ निर्मितीचा खर्च घ्यावा आणि या प्रती सर्वसाधारण बाजारात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी. पुढे जून २०१३ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यास २०१४ साली सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारत होता. वीस देशांची संमती पूर्ण झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो करार लागू झाला आणि अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या धर्मग्रामात एखादे अंध आजोबा किंवा विद्यार्थिनी असेल, तर त्यांच्यासाठी पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही. युवकांनी हे काम हाती घ्यावे असे आम्ही आवर्जून सुचवतो.

शिक्षण, वाचनालय आणि नियतकालिके

कायद्याचे कलम ५२ हे सवलतींचे कलम होय. खाजगी वापर, संशोधन, टीका-परीक्षण व चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी रास्त प्रमाणात केलेला वापर त्यात क्षम्य आहे. शिक्षक वा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत, तसेच प्रश्नपत्रिकेतील उतारा यांसही मुभा आहे.

या तरतुदीची कसोटी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या एका दुकानाने पाहिली. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतील प्रकरणे एकत्र करून ते दुकान विद्यार्थ्यांना संच देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी खंडपीठाने प्रश्न फेरसुनावणीसाठी पाठवला, पण शिक्षणाच्या प्रयोजनाला जितके आवश्यक तितकेच घेतलेले असेल तर ते कायद्यात बसते, ही भूमिका मान्य केली. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

ना-नफा तत्त्वावरील सार्वजनिक वाचनालयाला भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या किंवा स्वरलिपीच्या तीनपर्यंत प्रती स्वतःच्या वापरासाठी करता येतात. संग्रही असलेले पुस्तक जपणुकीसाठी संगणकावर साठवण्याची मुभाही २०१२ मध्ये मिळाली. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयावरील लेख दुसऱ्या नियतकालिकास पुन्हा छापता येतो. मात्र लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसावा. धर्मग्रामांच्या पत्रिका काढणाऱ्यांना हे कलम उपयोगी आहे.

उपासना, नाटक आणि लग्न

आता आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येऊ. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाणे, संगीत वाजवणे किंवा ध्वनिमुद्रण ऐकवणे हा हक्कभंग होत नाही, असे कलम ५२ सांगते. मिस्सामध्ये, मिरवणुकीत वा सणाच्या उपासनेत गाण्यासाठी कोणाला शुल्क द्यावे लागत नाही.

पण ही सवलत सादरीकरणापुरती आहे. ती गाण्यास मोकळीक देते, छापण्यास देत नाही. प्रताधिकार असलेल्या गीतांचे पुस्तक छापणे, त्यांच्या शेकडो प्रती काढून वाटणे, ध्वनिमुद्रण करून विकणे यांसाठी हक्कधारकाची परवानगी हवी. करोनाच्या काळापासून मिस्साचे थेट प्रक्षेपण रूढ झाले आहे. कायद्यात अशा प्रक्षेपणाचा वेगळा उल्लेख नाही. आणि विधी संपल्यावर ते चित्रण इंटरनेटवर कायम ठेवणे हे विधीच्या ओघातील सादरीकरण म्हणता येणे कठीण आहे. तेव्हा प्रक्षेपणाच्या वेळी मुक्त झालेली किंवा परवानगी घेतलेली गीते निवडावीत.

हौशी नाट्यमंडळांसाठीही तरतूद आहे. हौशी संस्थेने विनामूल्य प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगास परवानगी लागत नाही. चर्चच्या जीर्णोद्धारासाठी तिकीट लावून केलेला नाट्यप्रयोग यात बसतो. या तरतुदीत साहित्य, नाट्य व संगीत यांचा उल्लेख आहे, ध्वनिमुद्रणाचा नाही. म्हणून नाटकात पार्श्वसंगीतासाठी तयार ध्वनिफीत वाजवणे हा वेगळा प्रश्न ठरतो.

लग्नाचे काय? १९९४ च्या दुरुस्तीने ‘धार्मिक विधी’ या शब्दाचे स्पष्टीकरण जोडले : त्यात लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक समारंभ येतात. तरीही हॉटेले व सभागृहांकडून शुल्काची मागणी होत राहिली. २४ जुलै २०२३ रोजी केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने जाहीर सूचना काढून लग्नसमारंभातील संगीतासाठी रॉयल्टी मागणे या कलमाच्या विरुद्ध असल्याचे सांगितले. गोवा सरकारने ३० जानेवारी २०२४ रोजी तशाच आशयाचे परिपत्रक काढले. हक्कधारक कंपन्या मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेल्या आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले.

या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावा. लग्नाची सवलत रद्द झालेली नाही. ती कायद्यात जशीच्या तशी आहे. संसदेने जे शब्द लिहिले त्यांचा विस्तार शासनाने परिपत्रकाने करू नये, इतकेच न्यायालयाने बजावले. कोणता समारंभ लग्नाशी खरोखर संबंधित आणि कोणता निव्वळ करमणुकीचा, हे प्रत्येक प्रसंगाच्या वस्तुस्थितीवरून ठरेल. चर्चमधील विधी व वरात यांविषयी शंका नाही. सभागृहात तिकिटे विकून, प्रायोजक घेऊन केलेला कार्यक्रम मात्र लग्नाचे नाव दिल्याने सवलतीत येणार नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

गीतसंग्रह छापण्यापूर्वी प्रत्येक गीताच्या कवीचे व संगीतकाराचे नाव शोधून यादी करावी. जे मुक्त झाले ते वेगळे काढावे. उरलेल्यांसाठी कवीकडून किंवा वारसांकडून लेखी परवानगी घ्यावी. हक्क हस्तांतरित होत असेल तर पत्रात मुदत व प्रदेश लिहावा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. एखाद्या कवीला आपले गीत सर्वांसाठी खुले करावयाचे असेल, तर २०१२ नंतर जाहीर सूचना देऊनही हक्क सोडता येतो. दुसऱ्याच्या गीताचे नवे ध्वनिमुद्रण परवानगीविना, केवळ कायद्याने ठरवलेल्या परवान्यावर काढावयाचे झाल्यास मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबून, पूर्वसूचना व आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते. आणि ही रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची धरली जाते. छोट्या गायनवृंदाला हे परवडणारे नाही. त्यापेक्षा कवीला भेटून परवानगी मागणे सोपे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गीताखाली नाव छापावे. आपल्या कृतीवर आपले नाव असावे आणि तिची मोडतोड होऊ नये, हा लेखकाचा हक्क कायद्याने स्वतंत्रपणे मान्य केला आहे. आर्थिक हक्क दुसऱ्याला विकले तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. आपल्या अनेक गीतसंग्रहांत मात्र क्रमांक असतो, राग असतो, ताल असतो आणि कवीचे नाव नसते. पुढच्या पिढीला ते गीत ‘पारंपरिक’ वाटू लागते. ते लिहिणारा शिक्षक किंवा धर्मगुरू विस्मरणात जातो.

पुढील वाट

कायद्याची वाटचाल थांबलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे लाखो पुस्तके व गीते वाचून शिकतात. त्या शिकण्याला सवलत म्हणावे की मोबदला द्यावा लागावा, हा आजचा वाद आहे. केंद्र शासनाने २०२५ साली यासाठी समिती नेमली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या टिपणात यंत्रांना वापराची सरसकट मुभा आणि त्याबदल्यात निर्मात्यांना सक्तीची रॉयल्टी, असा मार्ग सुचवण्यात आला. प्रश्न नवा दिसला तरी तो जुनाच आहे : कोणाचे श्रम, कोणाचा लाभ आणि समाजाची गरज किती?

कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, ही शिकवण आपण जाणतोच. उपासनेत गाण्यासाठी कायदा आपल्याकडून पैसा मागत नाही. पण ज्याच्या शब्दांनी आपण प्रार्थना करतो त्याचे ऋण त्यामुळे फिटत नाही. येत्या नाताळच्या तालमीत गीताचा कागद हाती पडताच प्रत्येकाने खालच्या कोपऱ्यात पाहावे. तेथे नाव नसेल, तर ते शोधून लिहावे.